चौथ्या मजल्यावरचा पाटा

माझ्या हातून आजवर घडलेले अपराध बहुतेक हलक्या वजनाचे आहेत. एकच असा, की तो तीस किलोंचा होता. आणि तोही मी स्वतः उचलला नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची ही हकिकत आहे. शारजात, रोल्लाच्या बाजारामागे, एका चार मजली इमारतीत आम्ही राहत होतो. मी एका बांधकाम कंपनीत अंदाजपत्रके तयार करत असे. एखाद्या गोदामाच्या भिंतींना किती ब्लॉक लागतील हे मी बसल्या जागी सांगू शकत होतो. त्यांतला एकही उचलण्याचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. इमारतीला लिफ्ट होती. तिच्या दारावर 'अंडर मेंटेनन्स' अशी पाटी होती, आणि ती पाटी इतकी जुनी झाली होती की आता तिलाच दुरुस्तीची गरज होती.

आमच्या बरोबर खालच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक परिचारिका राहत. त्या केनियाच्या, मोंबासाच्या. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरीला होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणत असे, आणि त्या इमारतीतल्या प्रत्येक पुरुषाला ब्रदर म्हणत. इथे मी त्यांच्याविषयी 'त्या' असे लिहितो आहे. तेव्हा आमच्या घरांतून 'ती' असे बोलले जाई. पहिल्या मजल्यावरच्या केरळी परिचारिकेला मात्र आम्ही 'त्या' म्हणत असू. हा फरक कुणी ठरवून केला नव्हता. ठरवून केला असता तर तो कुणाच्या तरी लक्षात तरी आला असता.

सिस्टर उंच होत्या, ताठ चालत, आणि बारा तासांची ड्यूटी करून आल्या तरी पायऱ्या चढताना कठड्याला हात लावत नसत. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांच्या घरी लोणच्याच्या बरणीचे झाकण घट्ट बसले होते. जिन्यातून जाणाऱ्या सिस्टरांनी ते एका हिसक्यात उघडून दिले. तेवढे निमित्त पुरले. त्यानंतर इमारतीतली पाचही मराठी कुटुंबे आपापल्या बरण्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाऊ लागली. बरण्यांमागून गॅसचे सिलिंडर आले, सिलिंडरांमागून सोफे. कुणी थोडासा संकोच दाखवला, तर दुसरा कुणीतरी हमखास म्हणे, "सांगा हो तिला. स्ट्राँग आहे. त्यांना सवय असते."

हे वाक्य मीही म्हणत असे. आवाज न चढवता म्हणत असे, म्हणून ते सभ्य आहे असा माझा समज होता.

मोबदल्यात आम्ही डबे पाठवत असू. कधी उपमा, कधी साबुदाण्याची खिचडी. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये ही रीत फक्त आपलीच आहे असे आम्हाला वाटे. सिस्टर मात्र प्रत्येक डबा भरून परत करत, आणि त्यात बहुधा चपात्या असत. चपाती हा त्यांच्याकडे सणासुदीचा पदार्थ आहे हे आम्हाला तेव्हा कळले. त्या पीठ गुंडाळून, चकलीसारखे वळवून, मग लाटत. एकेक पदर सुटा होई. माझ्या पत्नीने पहिल्यांदा ती चपाती उलगडून पाहिली आणि तिचे पदर मोजले. नंतर म्हणाली, "अहो, ही गोष्ट आईला कळवू नका. हिची घडी माझ्यापेक्षा चांगली सुटते."

आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ती गोष्ट फार काळ लपवता आली नाही, कारण त्या तीन महिन्यांच्या व्हिजिटवर आमच्याकडेच आल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी मिक्सरमध्ये केलेली खोबऱ्याची चटणी बोटावर घेऊन पाहिली.

"ही चटणी नाही," त्या म्हणाल्या. "पेस्ट आहे. दात घासायला चालेल."

पंधरा दिवसांत साताऱ्याहून मेहुण्याने पाटा-वरवंटा मुंबईला धाडला, आणि तिथून तो लाकडी खोक्यात घालून बोटीने आला. तो सोडवायला मी बंदरावर गेलो. कस्टमच्या अधिकाऱ्याने खोके उघडायला लावले आणि पाट्याकडे बराच वेळ पाहिले.

"हे काय आहे?"

"दगड."

"कशासाठी?"

"चटणीसाठी."

त्याने मान वर केली आणि अत्यंत ममतेने म्हणाला, "हबीबी, दगड आमच्याकडेही आहेत."

एका शुक्रवारी सकाळी टॅक्सीवाल्याने तो पाटा इमारतीच्या दारात उतरवला आणि निघून गेला. त्याच्याभोवती आम्ही चार मराठी पुरुष जमलो. बँकवाले, एअरकंडिशनिंगचे इंजिनियर, औषध कंपनीतले एक विक्री अधिकारी आणि मी. पाटा उचलण्याऐवजी आम्ही त्याचा अभ्यास केला. इंजिनियरसाहेबांचे म्हणणे पडले की गच्चीवरून पुली लावावी. बँकवाल्यांना घोंगडीत घालून ओढणे सुरक्षित वाटत होते. मी खिशातला कागद काढून जिन्याचा एक आडवा छेद काढला आणि वळणांचे कोन दाखवले. विक्री अधिकारी प्रत्येक सूचनेला "छान" म्हणत होते. अर्धा तास गेला. पाटा होता तिथेच होता.

तेवढ्यात सिस्टर रात्रपाळी संपवून परत आल्या. त्या दिसताच माझ्या तोंडून जे निघाले ते विचार करून निघालेले नव्हते. "सिस्टर, जरा..." एवढेच मी म्हणालो. पुढचे बँकवाल्यांनी मराठीत पूर्ण केले, "त्यांना सवय असते."

सिस्टरांनी आम्हा चौघांकडे एकेक करून पाहिले, मग पाट्याकडे पाहिले. खांद्यावरची पर्स काढून माझ्या हातात दिली. पाटा पोटाशी कवटाळून उचलला आणि चढू लागल्या.

मी पर्स घेऊन मागोमाग गेलो. वाटेत दोनदा "सावकाश" म्हणालो. माझे योगदान एवढेच. पहिल्या वळणावर माझी पाच वर्षांची मुलगी कठड्यातून डोकावत होती. ती इथल्या शाळेत जात असल्याने इंग्रजीतच बोले. "डॅडी," ती म्हणाली, "व्हाय आर यू कॅरिंग द पर्स?" मी तिला घरात जायला सांगितले.

चौथ्या मजल्यावर सिस्टरांनी पाटा दारात ठेवला. पत्नीने त्यांना पाणी दिले. ते त्यांनी उंबऱ्याबाहेर उभ्यानेच प्यायले आणि उजवा खांदा चोळत खाली गेल्या. त्यानंतर बँकवाले आणि इंजिनियर दोघे मिळून वरवंटा घेऊन आले. वरवंटा म्हणजे दूधभाताच्या वाडग्याइतक्या वजनाचा नसला तरी दोन माणसांचे काम तो नव्हे. दोघेही दमले होते. सासूबाई खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या, या, बसा. दमलात फार." त्यांना पंख्याखाली बसवले, चहा झाला, चिवडा झाला. मीही बसलो. पर्स मांडीवरच होती, हे चिवडा संपल्यावर लक्षात आले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी चटणी वाटली जाऊ लागली. ती उत्तम होत असे, हे मी आजही नाकारणार नाही.

दोन आठवड्यांनी मला जिन्यात सिस्टर भेटल्या तेव्हा त्यांचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. आमचे बोलणे हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात होई. मोंबासातल्या गुजराती दुकानदारांमुळे त्यांना बरेच हिंदी येत असे. ते इथे मराठीत देतो.

"काय झाले, सिस्टर?"

"खांद्याचा स्नायू फाटला आहे. थोडासाच."

"कशाने?"

"दगडाने," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. एखाद्या रुग्णाच्या कागदावरची नोंद वाचून दाखवावी तसे ते होते. मग त्यांनी सांगितले की अल ऐन शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात त्यांची निवड झाली आहे. पगार जवळजवळ दुप्पट, राहायला घर, आणि रात्रपाळी नाही. सहा आठवड्यांनी शारीरिक तपासणी. दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ नेता आले पाहिजेत आणि दुसऱ्या परिचारिकेच्या मदतीने एका माणसाला खाटेवरून खाटेवर घेता आले पाहिजे. तोपर्यंत या हाताने चहाचा कपही उचलायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि दवाखान्याने त्यांना रात्रपाळीत नोंदणीच्या टेबलावर बसवले होते. उचलला तर ऑपरेशन, आणि ऑपरेशन म्हणजे अल ऐन खलास.

मग त्यांनी विचारले.

"ब्रदर, तुम्ही लोक एक वाक्य नेहमी म्हणता. 'त्यांना सवय असते.' त्याचा अर्थ काय?"

खोटे बोलण्याची ती उत्तम संधी होती. मी तिचा अर्धाच फायदा घेतला. म्हणालो, "म्हणजे, तुम्हाला... प्रॅक्टिस आहे."

"कशाची?"

"उचलण्याची."

"माझे वडील शाळामास्तर होते," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पाणी भरायला बाई येत असे. मी वजनदार वस्तू उचलू नये, माझे अक्षर बिघडेल, असे वडिलांना वाटे. ब्रदर, मी आयुष्यात उचललेला पहिला दगड तुमच्या सासूबाईंचा."

त्या संध्याकाळी मी बाकीच्या तिघांना बोलावले आणि घडलेले सांगितले. सगळे खजील झाले. आणि खजील झालेले मराठी पुरुष जे करतात तेच आम्ही केले. समिती स्थापन केली. तिचे नाव काय असावे यात पाऊण तास गेला. अखेर 'उचल समिती' हे नाव एकमताने मंजूर झाले आणि कार्यवाह म्हणून माझी निवड झाली, कारण कागद माझ्याकडे होता. ठराव एकच होता: सहा आठवडे इमारतीतला कुणीही सिस्टरांना काहीही उचलायला, सरकवायला किंवा उघडायला सांगणार नाही. जे काही असेल ते समिती करील.

समितीने पहिल्या आठवड्यात एक गॅस सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर नेला. त्याला चार विश्रांत्या लागल्या. तिसऱ्या विश्रांतीला माझी मुलगी येऊन माझ्या चेहऱ्याकडे निरखून म्हणाली, "डॅडी, आर यू डाइंग?" इंजिनियरसाहेबांनी बरण्यांचे खाते घेतले होते. झाकण तापवले की प्रसरण पावते या तत्त्वावर त्यांनी बँकवाल्यांच्या घरची लिंबाच्या लोणच्याची बरणी उकळत्या पाण्यात धरली. झाकणाआधी बरणी प्रसरण पावली. त्यानंतर आठवडाभर इमारतीत कुणी लोणचे खाल्ले नाही, पण बँकवाल्यांच्या ओट्याचा वास घेऊन सगळे वरणभात जेवले.

सिस्टर हे सर्व आपल्या दारातून पाहत. कधीकधी त्यांचा डावा हात आपोआप पुढे येई, आणि मग त्या तो झोळीतल्या हातावर ठेवून परत आत जात. खांदा बरा होत होता. पाचव्या आठवड्यात हात कानापर्यंत जाऊ लागला.

तपासणीला तीन दिवस उरले असताना सासूबाई स्वतः तिसऱ्या मजल्यावर चौकशीला गेल्या. त्यांना हिंदी येत नव्हते आणि इंग्रजीही नव्हते. तरी त्या अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. त्या सरळ माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"जावईबापू, तिची खाट कुठे आहे ठाऊक आहे?"

"नाही."

"आपल्या पाट्याच्या बरोबर खाली. रात्रपाळी करून ती बाई सकाळी निजते, आणि मी वर धपाधप वाटते. दोन महिने. एकदा तरी बोलली का?"

"नाही."

"का नाही बोलली?"

उत्तर मला ठाऊक होते. आम्ही सिस्टरांना स्ट्राँग म्हणत होतो. स्ट्राँग माणसाला झोप लागते असे कुणाला वाटत नाही, आणि तक्रार केली तर ती पदवी जाते.

"पाटा खाली न्या," सासूबाई म्हणाल्या. "आजारी माणसाच्या डोक्यावर चटणी वाटायची नसते. आत्ता न्या."

समिती तातडीने जमली. शुक्रवार दुपार होती, पोटे भरलेली होती. उतरवणे हे चढवण्यापेक्षा सोपे, असा इंजिनियरसाहेबांचा अंदाज होता. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर त्या अंदाजाचे खंडन झाले. बँकवाले आणि विक्री अधिकारी वरून धरत होते, इंजिनियर बाजूने, आणि मी खालून, कारण जिन्याचा छेद मी काढला होता. बँकवाल्यांना शिंक आली. पाटा घसरला, आणि एक टोक भिंतीला व दुसरे माझ्या पोटाला टेकून, उभाच्या उभा अडकला. मी कठडा आणि पाटा यांच्यामध्ये चटणीसारखा झालो. वरच्या दोघांना सोडता येईना, मला हलता येईना, आणि इंजिनियरसाहेब म्हणाले, "थांबा, विचार करू या."

आवाज ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे दार उघडले. सिस्टर वर आल्या.

आणि माझ्या तोंडून निघाले, "सिस्टर, जरा..."

मी हे लिहिताना माझी मान खाली जाते. समितीचा मी कार्यवाह होतो. ठराव माझ्या अक्षरात होता. तरी अडचणीत सापडताच माझी जीभ त्याच दोन शब्दांकडे गेली. सवय कुणाला असते, हे मला त्या क्षणी कळले.

सिस्टरांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी डाव्या हाताने झोळीची गाठ सोडायला घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी नेहमी पाहिलेला तो शांतपणा होता, ज्याला आम्ही ताकद म्हणत आलो होतो. इतक्या जवळून पाहिल्यावर तो मला नुसता थकवा दिसला. गाठ सुटत आली होती. अल ऐन तीन दिवसांवर होते.

मला सुचले ते एवढेच, जे आमच्या घरात पाव्हण्याला सर्वांत आधी म्हणतात आणि जे इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही म्हटले नव्हते.

"या," मी पाट्याखालून म्हणालो. "बसा."

"काय?"

"बसा, सिस्टर. प्लीज, सिट. पायरीवर बसा. तुम्ही बसल्याशिवाय आम्ही हा दगड हलवणार नाही."

"तुम्ही तो तसाही हलवत नाही आहात," सिस्टर म्हणाल्या. पण त्यांनी गाठ पुन्हा बांधली, आणि पदर झाडावा तसा झगा सावरून वळणाखालच्या पायरीवर बसल्या. सासूबाईंनी वरून, आमच्या डोक्यांवरून, उशी दिली. मग तसाच चहा आला. आम्ही चौघे पाटा पेलत असताना सिस्टर उशीवर बसून चहा पीत होत्या, डाव्या हाताने, आणि तिथूनच त्यांनी आम्हाला सोडवले.

"बँकवाले ब्रदर, तुम्ही ओढू नका, नुसते धरा. इंजिनियर ब्रदर, बोलणे बंद. सर्वांनी गुडघ्यात वाका. रुग्णाला उचलतो तसे. पाठ सरळ. यल्ला, चला."

आम्ही वाकलो. पाटा निघाला. एकेक पायरी करत, त्यांच्या आकड्यांवर, तो तळमजल्यापर्यंत गेला. शेवटच्या पायरीवर मात्र उत्साहाच्या भरात मी हात आधी सोडला आणि तो माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकला.

मलमपट्टी सिस्टरांनीच केली, डाव्या हाताने, माझा पाय समोरच्या पायरीवर ठेवून. मी वेदना विसरण्यासाठी त्यांचा हात आणि माझा पाय पाहत होतो. रंगात फरक होता, पण फारसा नव्हता. मला एकाएकी आठवले आणि मी सांगून टाकले, की माझ्या लग्नाच्या माहितीपत्रकात आत्याने माझा वर्ण 'निमगोरा' असा लिहिला होता, म्हणजे अर्धा गोरा.

सिस्टरांनी माझ्या पायाकडे पाहिले. "कुठला अर्धा?" त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांना खांदा धरून ठेवावा लागला.

हसणे ओसरल्यावर पट्टीचे टोक खोचत त्या म्हणाल्या, "ब्रदर, माझ्या आईलाही सगळे स्ट्राँग म्हणत. त्यामुळे तिला ताप आला तरी कुणी थर्मामीटर लावत नसे. मी नर्स झाले ती त्यासाठी. आता कुणी मला स्ट्राँग म्हटले की मी आधी पाहते, त्याच्या हातात काय आहे."

माझ्या हातात तेव्हा काहीच नव्हते. मी दोन्ही तळवे पाहून घेतले.

तीन दिवसांनी सिस्टर अल ऐनला गेल्या आणि संध्याकाळी परतल्या. इमारतीच्या दारातच त्यांनी दोन्ही हात सरळ डोक्यावर नेऊन दाखवले. वरच्या खिडकीतून सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. महिनाअखेर त्यांचे सामान उचल समितीने उतरवले. त्यात, हात झोळीत असताना भरून परत देता न आलेले, आमचे एकोणतीस डबे निघाले, सगळे धुतलेले. पिकअप भरून झाल्यावर त्यांनी तळमजल्यावरच्या पाट्याकडे बोट दाखवले.

"हा माझा," त्या म्हणाल्या. "मी त्याची किंमत दिली आहे."

सासूबाईंनी वरवंटाही आणवला आणि वर त्यावर हळदकुंकू वाहिले.

हिवाळा सरल्यावर, एका शुक्रवारी, आम्ही तिघे अल ऐनला त्यांच्याकडे गेलो. एका बैठ्या घराचा त्यांचा भाग होता, पुढे छोटे अंगण, आणि अंगणात विटांवर बसवलेला पाटा. त्यांनी त्याचा बाक केला होता. दुपारचे दोन वाजले होते. सिस्टर दारात आल्या, आणि त्यांनी मराठीत, अगदी सासूबाईंच्या हेलात, पाट्याकडे हात करून म्हटले, "या, या, बसा. दमलात फार."

पत्नी आणि मुलगी सावलीत पळाल्या. मी बसलो. सकाळपासून ऊन खाल्लेला तो दगड तव्यासारखा झाला होता. सिस्टर आतून पाणी आणायला गेल्या. त्यांना यायला थोडा वेळ लागला.

मी उठलो नाही.